वाघरीतली एकशे वीस

कडूबामामाला मी वेडा म्हणणार नाही. दुसऱ्या कुणी म्हटलं तर त्याच्याशी भांडेन. फर्दापुरात बरेच जण म्हणतात, पण त्यातल्या एकानंही भर दुपारी त्या गायरानात जाऊन बघितलेलं नाही. मी बघितलंय. आणि यातला निम्मा दोष माझ्या जिभेचा आहे, तेव्हा सांगायचं तर मीच सांगितलेलं बरं.

मी रत्नमाला. शहरात, उस्मानपुऱ्यात माझं ऑनलाईन सेंटर आहे. झेरॉक्स, पॅनकार्ड, शिष्यवृत्तीचे फॉर्म, पासपोर्टची तारीख, म्हणाल ते. पाच-सहा वर्षं झाली, परदेशी जाणाऱ्या पोरांचे कागदही माझ्याकडंच येतात. मोठ्या एजंटच्या एसी ऑफिसात ज्यांचे बाप बावरतात, ते माझ्या स्टुलावर निवांत टेकतात. कुणाला काय कसं समजावायचं हे मला बरोबर जमतं. गवंड्याला गवंड्याच्या भाषेत, भाजीवालीला भाजीच्या. त्याचा मला लई गर्व होता. होता म्हणतेय, लक्षात घ्या.

कडूबामामा पहिल्यांदा आला तो पोराच्या मागं मागं, चप्पल दाराबाहेर काढून. असेल पंचावन्नचा. काटक, बुटका, आवाज एकदम खालचा. मेंढपाळ माणूस मोठ्यानं बोलत नाही, जनावर बुजतं. माणूस भेटला की तो आधी पायांकडं बघायचा, मग तोंडाकडं. माझ्या पायांकडं बघून म्हणाला, ताई, डावा गुडघा दुखतो का? दुखत होता. मेंढरं तो कधी मोजायचा नाही. एकदा नजर फिरवली की कुठलं नाही ते त्याला कळायचं, कारण प्रत्येकाचं तोंड त्याच्या ओळखीचं.

पोराचं नाव रामेश्वर. इथंच इंजिनिअरिंग केलं, उस्मानपुऱ्यातच खोली घेऊन राहिला. घरातला पहिला शिकलेला. जर्मनीतल्या एका सरकारी विद्यापीठात त्याला पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला, दोन वर्षांचा. पत्रावर लिहिलेलं होतं, फी शून्य. ते मी वाचून दाखवलं, आणि दुकानातल्या बाकीच्या गिऱ्हाइकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मामा, फुकट आहे. एक रुपया फी नाही." आवडाबाई, म्हणजे मामाची बायको, तिनं पदरानं डोळे पुसले. मी सगळ्यांना चहा सांगितला.

मग त्या फुकटाला पाय फुटायला लागले. कागद खरे आहेत का ते तपासून घ्यायचे पैसे. व्हिसाचे पैसे. विमान. विम्याचा हप्ता दर महिन्याला, तो नसेल तर कॉलेजात नावच लागत नाही. फी नाही म्हणतात, पण दर सहा महिन्यांनी वर्गणी आहे. खोली घ्यायची तर आधी अनामत. एवढं सगळं मामानं मान हलवत ऐकलं. मग मी शेवटचं सांगितलं. व्हिसा मागायच्या आधी बारा महिन्यांच्या खर्चाचा पैसा तिकडच्या खात्यात टाकून कुलूप लावावं लागतं. आपल्या पैशात जवळजवळ बारा लाख.

मामा गप्प बसला. पोरगं जमिनीकडं बघत बसलं. मला ते सहन होईना. माझा स्वभावच तसा, कुणी गप्प बसलं की मला बोलावंसं वाटतं. मी म्हणाले, "मामा, तो पैसा जात नाही. तुमचाच राहतो. तुम्ही मेंढरांभोवती जाळी लावता ना, वाघर म्हणता ती? तशी वाघर समजा. मेंढरं आत आहेत, तुमचीच आहेत, फक्त मोकळी नाहीत. दर महिन्याला तिकडची बँक थोडी थोडी सोडणार."

त्याचं तोंड एकदम उजळलं. "मंग विकली असं नाय म्हणायचं?"

"नाही म्हणायचं," मी म्हणाले.

त्याच्याकडं मेंढरं होती एकशे वीस. मेंढरामागं दहा हजार धरले की हिशोब बसत होता. बारा महिने, महिन्याला दहा.

ऑगस्टमध्ये सौदा झाला. मामाचा हट्ट की कुलूप लावणारी ताई समोर पाहिजे, म्हणून मी सकाळची एसटी धरून फर्दापूरला गेले. सिल्लोडकडचा बन्सी नावाचा व्यापारी दोन ट्रक घेऊन आला होता. त्याची माणसं एकेक मेंढरू उचलून आत टाकत होती. बन्सी दोनतीनदा मामाला म्हणाला, उपटून घ्या की. मामा म्हणाला, विकत नाय, वाघरीत टाकतोय. बन्सीनं माझ्याकडं बघितलं, मी हसून मान हलवली. मला वाटलं, काहीतरी त्यांच्यातला विनोद असेल. मामाचं कुत्रं होतं, खैऱ्या, तांबूस, एका कानाचा तुकडा गेलेलं. ट्रक गेले तरी ते मागं पळालं नाही की भुंकलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटी रामेश्वर गेला. एक ऑक्टोबरला मी शटर वर करतेय तर पायरीवर मामा बसलेला.

मला म्हणाला, ताई, सुटली का आजची? मी रामेश्वरला मेसेज टाकला, त्यानं सांगितलं, पहिला हप्ता आला. तसं सांगितल्यावर मामानं कनवटीची गाठ सोडली आणि काउंटरवर लोकरीचे पुंजके मांडले. दहा. काळे, पांढरे, एक तांबडा. नावं सांगत गेला. ही लंगडी, ही काळतोंडी, ही लांबकानी, हे तिचं कोकरू. म्हातारी आधी सोडली म्हणाला, तिकडं थंडी हाय.

मी विचारलं, हे काय? तेव्हा मला कळलं की बन्सी काय म्हणत होता. त्यांच्यात मेंढरू विकलं की दोरी हातात द्यायच्या आधी त्याच्या कपाळावरची चिमूटभर लोकर उपटून घेतात. ती घेतली की मेंढरू गेलं. मग मालकानं मागं वळून बघायचं नाही, आणि कुत्रंही त्याला बाजूनं जाऊ देतं. जोवर उपटलं नाही तोवर ते आपलं, मग ते कुठंही असो. ट्रकमध्ये चढवताना त्यानं एकाचीही उपटली नव्हती, कारण मी सांगितलं होतं की विकली नाहीत.

"मग ही कुठून आणली?" मी विचारलं.

"सकाळी उपटली," तो म्हणाला. त्याला माझा प्रश्नच कळला नव्हता.

तो गेल्यावर एक पुंजका काउंटरवर राहिला होता. मी उचलला. ओला होता, दवानं असतो तसा. आत हिरवं कुसळ अडकलेलं, आणि मुळाशी त्वचेचा बारीक पापुद्रा. वास तर असा की पुढं उभं असलेलं गिऱ्हाईक मागं सरकलं. मी तो कागदात गुंडाळला आणि नाल्यात टाकून आले. हात साबणानं तीनदा धुतले. बाजूच्या दुकानात सांगावंसं वाटलं, पण सांगणार काय?

नोव्हेंबरच्या एक तारखेला तो आला. डिसेंबरच्याही. दर वेळी दहा, दर वेळी ताजे. मी बन्सीला फोन लावला. तो म्हणाला, तुमच्या मामाची मेंढरं तर दिवाळीच्या आधीच कापली गेली, बाई.

इकडं रामेश्वरचे फोन. सुरुवातीला घरच्यापेक्षा तो मलाच जास्त करायचा, कारण मला खरं सांगता येत होतं. भाडं किती, विमा किती, खोली गरम करायचे वेगळे पैसे. संध्याकाळी पार्सलच्या गोदामात खोके उचलायला जायचा, पण किती दिवस काम करायचं त्यालाही मोजमाप. दिवसभरात कुणी नावानं हाक मारत नाही, म्हणायचा. दोन पेपर राहिले. मी नेहमीसारखी बोलत सुटायचे, जेव नीट, झोप नीट, सगळ्यांचं असंच असतं. जानेवारीत एकदा तो म्हणाला, ताई, एक विचारू का, हसू नका. दर एक तारखेला पहाटे जिन्यातून काहीतरी खाली उतरतं. टपटप, टपटप. मी चौथ्या मजल्यावर राहतो. दार उघडलं की जिना रिकामा, आणि आपल्या घरचा वास.

मी हसले नाही. त्याला पुंजक्यांचं कुणीच सांगितलं नव्हतं. मी म्हणाले, गोदामात लई राबतोस, कान वाजत असतील. फोन ठेवला आणि त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

त्याच आठवड्यात आवडाबाईचा फोन आला. म्हणाली, येऊन तुमचं कुलूप काढा. मी गेले.

ती मला घरी न बसवता थेट गायरानात घेऊन गेली. दुपारचे बारा. दुपारी मेंढरं बसवतात, कळप बसला की कुत्रं भोवती फेरी धरतं. मामा पळसाखाली बसला होता. आणि खैऱ्या फिरत होता. मोकळ्या माळावर, मध्ये काही नाही, आणि कुत्रं एका ठरलेल्या गोलात चाललंय, तोंड बाहेर, कान ताठ. पायाखालची वाट घासून पांढरी पडलेली. गोलाच्या बाहेर वाळलं गवत गुडघ्याएवढं. आत बोटभर. मी सरळ मामाकडं निघाले तसा तो हळूच म्हणाला, "ताई, वळसा घालून या. तिथं बसलीत."

मी नवऱ्याचं ऐकत नाही, सासूचं ऐकलं नाही. पण त्या रिकाम्या जागेला मी वळसा घातला. पाय आपोआप बाजूनं गेले. जाताना मी पावलं मोजली. गोल बावन्न पावलांचा होता. ऑक्टोबरात त्या पळसाच्या पल्याड जायचा, आवडाबाई म्हणाली. दर एक तारखेनंतर कुत्रं आत सरकतं.

परतताना ती एसटीच्या थांब्यापर्यंत आली. गाडी आली तेव्हा म्हणाली, "तुम्ही फुकट म्हणला होता, बाई."

मला राग आला. खरं सांगते, मला तिचाच राग आला. बारा लाख मी खाल्ले का? फॉर्मचे मी आठशे रुपये घेतले होते. अख्खा रस्ता मी मनात तिच्याशी भांडत आले आणि फुलंब्रीच्या पुढं मला रडू फुटलं.

मे महिन्यात परत गेले तेव्हा गोल तीस पावलांचा होता. आतलं गवत तरीही खुडलेलं. तिथला एक शेतकरी, रामकिसन, त्यानं मामाला नांगरलेल्या रानात दोन दिवस मेंढरं बसवायला बोलावलं होतं, खतासाठी बसवतात तशी, आणि पायलीभर ज्वारीही दिली. थट्टेत केलं असेल म्हणून मी त्याला झापायला गेले. तो खाली बघत म्हणाला, थट्टा नाय ताई, लेंडी एक दिसत नाय, पर माती वास मारती. येऊन बघा. मी गेले नाही.

मामाला दुसरं एक सांगणं माझ्याकडं उरलं होतं, आणि ते मी एवढे महिने टाळलं होतं. शिक्षण दोन वर्षांचं, वाघर एका वर्षाची. तिकडं राहायचा परवाना वाढवायचा तर पुढच्या वर्षाचा पैसा परत दाखवावा लागतो. सुरुवातीलाच मला माहीत होतं. तेव्हा मी म्हणाले होते, दुसऱ्या वर्षी पोरं कमावतात. सगळे एजंट तेच म्हणतात.

आता सांगितलं. मामानं घरावर नजर फिरवली. पत्रा, चूल, आवडाबाई, कुत्रं. "मंग आता काय घालायचं?" त्यानं विचारलं. बोलता येत नाही असं मला आयुष्यात पहिल्यांदा झालं.

एक सप्टेंबरला शेवटचे दहा पुंजके काउंटरवर आले. सगळी सुटली, ताई, म्हणाला, आणि मोकळी कनवटी झटकून दाखवली. मला वाटलं, चला, संपलं. आता कुत्रं तरी शांत होईल.

दहा सप्टेंबरला रामेश्वर आला. कुणाला न सांगता, मुंबईहून मला फोन. आठ दिवसांनी परतीचं तिकीट होतं. बसस्थानकावर घ्यायला गेले तर मी त्याला ओलांडून पुढं गेले, ओळखलंच नाही. गालांची हाडं वर आलेली, मान खाली. गावी पोचल्यावर आवडाबाईनं त्याला पोटाशी धरलं. मामानं आधी पायांकडं बघितलं, मग तोंडाकडं. म्हणाला, दमलाय. घरात सगळे धरून चालले की पोरगं भेटायला आलंय आणि दुसऱ्या वर्षासाठी परत जाणार. मामानं घराची जागा गहाण टाकायचं चालवलं होतं. रामेश्वर रोज दुपारी गायरानात जाऊन बापाशेजारी बसायचा, असं आवडाबाई फोनवर सांगायची. बोलत काय होते? काही नाही. नुसते बसायचे.

अठरा तारखेला मी भावाची गाडी आणि ड्रायव्हर घेऊन त्याला न्यायला गेले. चिकलठाण्याहून रात्री आठनंतरचं मुंबईचं विमान. बारा वाजले होते. रामेश्वर बापाचा निरोप घ्यायला गायरानात गेला, मी आणि आवडाबाई मागं. खैऱ्या फिरत होता. गोल आता दहा पावलांचा. शेवटची दहाही गेली होती, मग कुत्रं कुणाला राखत होतं? आत फक्त मामा होता. रामेश्वर आत गेला, बापाच्या पाया पडला, आणि निघाला.

खैऱ्या समोर येऊन आडवा उभा राहिला. गुरगुरला नाही. पोरगं डावीकडं सरकलं, कुत्रं डावीकडं. उजवीकडं, तर उजवीकडं. भटकणाऱ्या मेंढराला अडवतात तसं. पिल्लू असताना रामेश्वरनंच त्याला बाटलीनं दूध पाजलं होतं. तो हसला, मग हसणं थांबवून नुसता उभा राहिला. दोन मिनिटं असेल, पाच मिनिटं असेल. मी घड्याळ बघत म्हणाले, मामा, बोलवा त्याला, उशीर होतोय. मीच म्हणाले.

मामा उठला. पोराजवळ गेला, त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि कपाळावरचे चिमूटभर केस उपटले. मामानं केस कनवटीला लावले आणि पाठ फिरवली. खैऱ्या बाजूला झाला.

आवडाबाई तिथंच खाली बसली. आम्ही दोघं गाडीत बसलो.

अजिंठ्याचा घाट चढला, गाव मागं पडलं. रामेश्वरच्या कपाळावर रक्ताचा ठिपका होता, तो पुसत नव्हता. गोळेगावच्या पुढं म्हणाला, "ताई, मी परत जायला आलो नव्हतो. जाऊन-येऊनचं तिकीट स्वस्त पडतं म्हणून काढलं होतं."

मी ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला लावली. म्हणाले, अरे मग आठ दिवस तोंड शिवलं होतं का? तो म्हणाला, "एकशे वीस मेंढरं गेली, मी कुठल्या तोंडानं म्हणू? आबा म्हणतील थांब, म्हणून रोज जाऊन बसत होतो. आज खैऱ्यानं अडवलं तेव्हा इतकं बरं वाटलं."

मी ड्रायव्हरला म्हणाले, फिरव. रामेश्वर नको म्हणाला. उपटलं ना त्यांनी, म्हणाला. मी म्हणाले, चूप बस, केस आहेत ते, परत येतात. अख्ख्या रस्त्यानं मी त्याला शिव्या घातल्या आणि स्वतःलाही. मनातून मात्र हलकं वाटत होतं. पोरगं घरी चाललं होतं.

अडीचला आम्ही गायरानात पोचलो. मामा तिथंच बसलेला, आवडाबाई जरा लांब. पोराला बघून मामा ताडकन उभा राहिला. मी लांबूनच ओरडून सांगितलं, मामा, तो जात नाही, इथंच राहतोय. मामाच्या तोंडावर जे आलं ते मी विसरणार नाही. तो पुढं धावला.

खैऱ्यानं त्यालाच अडवलं, कळपातलं शेवटचं मेंढरू तोच असल्यासारखं. गोलाच्या कडेशी, आडवं उभं राहून, तसंच न गुरगुरता. मामा डावीकडं, ते डावीकडं. रामेश्वर धावत आत शिरायला गेला तर कुत्रं त्याच्याकडं वळलं आणि दात काढून अंगावर गेलं. ओळखीची एक खूण त्याच्या डोळ्यांत नव्हती. मी दगड उचलला, मारला, लागलाही. ते हललं नाही. मामा हाका मारत होता, शीळ घालत होता. मग कनवटीतून त्यानं ते केस काढले आणि पोराकडं हात लांब केला, जणू ते परत लावता येतील.

तो रडत होता. "जाऊ द्यायचं शिकवलं त्याला, ताई," म्हणाला. "परत घ्यायचं शिकवलंच नाय."

रामेश्वर बाहेर बांधावर बसला. बाप आत. दहा पावलांचं अंतर, मधून कुत्रं फिरतंय. आवडाबाईनं घरून दोन ताटं आणली, एक आत सरकवलं, एक बाहेर दिलं. विमानाची वेळ टळून गेली.